नळ मोजून झाले, पाणी कधी मोजणार?

15 ऑगस्ट 2019 रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा देशातील 3.23 कोटी ग्रामीण घरांत नळ होता. आज तो 15 कोटींहून अधिक घरांत आहे. मैलभर हंडे वाहणे ज्यांच्या नशिबी होते, त्यांच्यासाठी हा बदल केवढा मोठा आहे हे शहरात बसून सांगण्याची गरज नाही. या कामाची खिल्ली उडवणाऱ्यांच्या रांगेत उभे राहण्याचे कारणही नाही. आक्षेप वेगळा आहे. नळ ही जोडणी आहे, पाणी हा पदार्थ आहे, आणि जोडण्यांची मोजदाद करून पदार्थाची हमी दिल्याचा आव सरकारी पत्रके आणीत आहेत. विज्ञानाच्या बातम्या देणारी माध्यमेही ती पत्रके जशीच्या तशी छापत आहेत.

कायद्यापासून आरंभ करावा. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस 10500:2012 हे भारतीय मानक आहे. पाण्याच्या 100 मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय आढळता कामा नये, आणि क्लोरीन मिसळलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळाशी किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन शिल्लक असावा, असे ते सांगते. मानक चांगले आहे. फक्त ते नळयोजनांवर कायद्याने बंधनकारक नाही. याउलट 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या व्याख्येत बाटलीबंद पाणी हे ‘अन्न’ ठरते आणि ते असुरक्षित निघाल्यास विकणाऱ्याला शिक्षा होऊ शकते. म्हणजे एकाच गावात वीस रुपये मोजणाऱ्या प्रवाशाच्या पाण्याला कायद्याचे कवच आहे, आणि पाणीपट्टी भरणाऱ्या गावकऱ्याच्या पाण्याला मार्गदर्शक सूचनांचे. अमेरिकेच्या 1974 च्या कायद्यात 15 जोडण्या किंवा 25 माणसे एवढी लहान योजनाही सक्तीच्या तपासणीखाली येते. तिथेही नियमभंगाच्या सर्वाधिक नोंदी लहान योजनांच्याच नावावर असतात. पण नियमभंग झाला हे निदान कळते, आणि धोका तातडीचा असेल तर 24 तासांत लोकांना सांगावे लागते.

आता तपासणीकडे वळू. मिशनच्या चौकटीनुसार स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जिवाणूंची दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, अपेक्षित आहे. आर्सेनिक किंवा फ्लोराइड यांच्यासाठी वार्षिक तपासणी फारशी चूक नाही. खडकातून पाण्यात उतरणारे हे पदार्थ सहसा सावकाश बदलतात. जिवाणूंची गोष्ट निराळी. ते एका पावसाने येतात, एका फुटलेल्या सांध्यातून शिरतात आणि चार दिवसांत नाहीसेही होतात. एखाद्या गावाचे पाणी वर्षातील 36 दिवस, म्हणजे सुमारे दहा टक्के काळ दूषित असते असे धरू. कोणत्याही दोन दिवशी नमुने घेतले, तर दोन्ही ‘स्वच्छ’ निघण्याची शक्यता 0.9 गुणिले 0.9, म्हणजे 81 टक्के येते. दूषित गावांपैकी पाचातली चार गावे अहवालात निर्दोष! दरमहा नमुना घेतला तर निसटण्याची शक्यता 28 टक्क्यांवर येते. दर आठवड्याला घेतला तर अर्ध्या टक्क्याच्याही खाली. बारावीच्या विद्यार्थ्याला जमेल असे हे गणित आहे. दूषित दिवस सहसा सलग येतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे हलतील, पण दोन नमुन्यांची दुबळी बाजू सावरणार नाही.

त्यातही नमुना कोठला, हा प्रश्न उरतोच. गावातील बहुतेक योजना दिवसातून तासभर किंवा एकाआड एक दिवस पाणी सोडतात. व्हॉल्व्ह बंद झाला की वाहिनीतील दाब कोसळतो, काही ठिकाणी तो बाहेरच्या दाबाहूनही खाली जातो, आणि गळती असलेला प्रत्येक सांधा तोंड उलटे करतो. जिथून पाणी बाहेर पाझरत होते तिथूनच गटारालगतचे पाणी आत ओढले जाते. हुबळी-धारवाडमध्ये झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे लख्ख दिसले: खंडित पुरवठ्याच्या नळांवरील जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत ई-कोलाय सापडला, तर त्याच शहरातील अखंड पुरवठ्याच्या भागात एक टक्क्याहून कमी नमुन्यांत. विहिरीवर किंवा टाकीवर घेतलेला नमुना ही कथा सांगतच नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी संच दिले आहेत, त्या लाखो तपासण्या करतात. त्यांच्या कष्टांविषयी आदरच आहे. जिवाणूंसाठीची हायड्रोजन सल्फाइडची कुपी तर भारतीय बुद्धीचेच फळ. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा आणि सहकाऱ्यांनी ती 1982 मध्ये जगापुढे मांडली. पण कुपीतले पाणी काळे व्हायला एक-दोन दिवस लागतात. तोवर गावाने ते पाणी पिऊन टाकलेले असते. जिवाणूंची तपासणी ही झाल्या गोष्टीची साक्ष आहे. पाणी पिण्याआधी उत्तर देणारे मोजमाप एकच, शेवटच्या नळावरचा शिल्लक क्लोरीन. महाराष्ट्रातल्या जलसुरक्षकाला ‘ओटी’ म्हणून ठाऊक असलेली ही चाचणी मिनिटभरात होते. पिवळा रंग आलाच नाही तर समजावे की वाटेत काहीतरी क्लोरीन खाऊन गेले, किंवा पावडर टाकलीच नव्हती. टीसीएल पावडरीचे पोते ओलसर खोलीत महिनोन्‌महिने पडले की ताज्या मालातील 33 टक्के क्लोरीन उडून जातो आणि मागे चुनाच राहतो, हा तिसरा संभवही आहेच.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. मानक सक्तीचे करून दंडाचा बडगा सरपंचावर आणि चावी सोडणाऱ्या माणसावर उगारला, तर पाणी सुधारणार नाही, रजिस्टर सुधारेल. तुटपुंज्या आणि अनियमित मानधनावर राबणाऱ्याकडून रोजच्या नोंदीची अपेक्षा ठेवली की महिन्याअखेरीस तीस नोंदी एकाच शाईत उमटतात. म्हणून सक्ती वरच्या टोकापासून हवी. वाहिन्यांसाठी 3.60 लाख कोटींची योजना आखणाऱ्यांना पावडर, ताजे रसायन आणि पाणी कर्मचाऱ्याचा नियमित पगार यांसाठी कायमची तरतूद जड जाऊ नये. घटनेच्या अकराव्या अनुसूचीतील पिण्याच्या पाण्याचा विषय पंचायतींकडे देता येतो हे खरे; पण विषयाबरोबर निधी आणि माणूस दिला नाही, तर ती जबाबदारी झटकण्याची सभ्य रीत ठरते.

मिशनची मुदत आता 2028 पर्यंत वाढवली आहे. ‘हर घर जल’चे प्रमाणपत्र ग्रामसभेच्या ठरावाने मिळते. त्या ठरावाला आणखी एक कागद जोडणे अनिवार्य करावे: पावसाळ्याचे चार महिने धरून वर्षभराच्या, वाहिनीच्या शेवटच्या नळावरील क्लोरीनच्या रोजच्या नोंदी, आणि नोंद नसेल तिथे कोरी जागा. तो तक्ता पंचायतीच्या भिंतीवर लागावा आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळेने पूर्वसूचना न देता येऊन त्याची पडताळणी करावी. ज्या गावांकडे असा तक्ता नाही, त्यांची नावे प्रमाणित गावांच्या यादीतून तूर्त वगळावीत, मग राष्ट्रीय आकडा कितीही खाली येवो.