मामांची जावा आणि मामींचा दिवा

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढले म्हणजे प्रत्येक घरात एक तरी वस्तू अशी निघते, की ठेवावी तर अडचण आणि टाकावी तर जीव होत नाही. कुणाकडे तो तांब्याचा बंब असतो, कुणाकडे व्हॉल्व्हचा रेडिओ, कुणाकडे आजोबांची आरामखुर्ची. या वस्तूंवरून घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'भंगारवाल्याला द्या.' दुसरा म्हणतो, 'खबरदार, हात लावाल तर!' अलीकडे त्यात एका तिसऱ्या पक्षाची भर पडली आहे. हा पक्ष बहुधा पंचविशी-तिशीतल्या मुलांचा असतो. त्यांना वस्तू टाकायचीही नसते आणि आहे तशी ठेवायचीही नसते. ती त्यांना 'नवी करून' वापरायची असते. या तिसऱ्या पक्षाविषयी आज चार शब्द लिहायचे आहेत. निमित्त झाले आहे सुप्याच्या एका मोटरसायकलचे.

सुपे म्हणजे बारामती तालुक्यातले. पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला वळून मोरगावच्या गणपतीकडे निघालात, की वाटेत लागते ते. शहाजीराजांची जहागीर पुणे आणि सुपे अशी जोडीनेच सांगितली जाते. सुप्याचे मामा इतिहासात प्रसिद्ध आहेत! शिवाजीमहाराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते तिथे ठाण मांडून बसले होते आणि शिमग्याचे पोस्त मागायला म्हणून आलेल्या भाच्याने त्यांना कैद करून सुपे ताब्यात घेतले, अशी हकिकत बखरीत आहे. आमचेही मामा सुप्याचे. मात्र त्यांना कैद करण्याची पाळी कुणा भाच्यावर आली नाही, कारण ते घरात सापडायचेच नाहीत. ते गुरांचे डॉक्टर होते. बारामती म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे ऊस आणि नीरेचा कालवा येतो. पण सुप्याची बाजू जिरायती. इथे माणसांची भिस्त गाई-म्हशींवर आणि शेळ्या-मेंढ्यांवर. त्यामुळे मामा कायम कुठल्या तरी वाडीवस्तीवर असायचे आणि त्यांच्या बुडाखाली असायची जावा.

नव्या वाचकांसाठी सांगतो. जावा हे नाव चेकोस्लोव्हाकियातले. यानेचेक नावाच्या कारखानदाराने 1929 साली वाँडरर या जर्मन कंपनीची मोटरसायकल बनवायला घेतली आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जुळवून 'जावा' नाव केले. आपल्याकडे 1950च्या दशकात इराणी कुटुंबाने या गाड्या मुंबईत आयात केल्या आणि पुढे म्हैसूरला कारखाना काढला. 1961 पासून तिथे गाड्या निघू लागल्या. नंतर तीच गाडी 'येझदी' झाली. हे नाव इराणातल्या यझ्द गावावरून आलेले. 1996 साली कारखाना बंद पडला.

मामांची गाडी अडीचशे सी.सी.ची, टू-स्ट्रोक. सिलिंडर एकच, पण धुराच्या वाटा दोन, म्हणून दोन बाजूंना दोन सायलेन्सर. गंमत तिच्या किकची. किक आणि गिअर यांचा दांडा एकच! तोच आत दाबून वर फिरवला की किक होते. नवखा माणूस किक शोधत गाडीभोवती प्रदक्षिणा घालायचा आणि आम्ही पोरे ओट्यावर बसून हसायचो.

मामा गेल्यावर गाडी वाड्याच्या पडवीत गोणपाटाखाली उभी राहिली. मामी सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत, अजून सुप्यातच असतात. त्यांचा नातू, म्हणजे माझ्या मामेभावाचा मुलगा, पुण्यात नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याने मनावर घेतले, की आजोबांची गाडी चालू करायची, तीही नव्या जमान्याची करून! दर शनिवारी तिच्यावर बसून आजीकडे यायचे. त्याने मोबाइलवर यादीच करून आणली होती. पुढे डिस्क ब्रेक, एल.ई.डी.चा दिवा, जपानी बनावटीचा कार्बोरेटर, बटनाने चालू होणारे इंजिन, रुंद टायर आणि दोन्ही सायलेन्सर काढून त्यांच्या जागी एक दणदणीत आवाजाचा.

मी यादी वाचून म्हटले, "अरे, मग यात आजोबांची राहिली कोणती गोष्ट?"

"टाकी, काका," तो म्हणाला. "टाकी तीच ठेवणार आहे."

नाना पेठेत जुन्या गाड्यांवर हात बसलेले एक मिस्त्री आहेत. त्यांना आम्ही सुप्याला घेऊन गेलो. त्यांनी यादी ऐकून घेतली, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "साहेब, इतके सगळे पाहिजे असेल तर नवी जावा घ्या ना! मिळते बाजारात." खोटे नव्हते ते. 2018 साली महिंद्रांच्या पाठबळाने जावा हे नाव पुन्हा बाजारात आले. रूप जुन्याच वळणाचे, सायलेन्सर दोन. पण आत 293 सी.सी.चे फोर-स्ट्रोक इंजिन आणि त्याला थंड ठेवायला पाणी. ज्याला जुने रूप आणि नवा जीव हवा, त्याची सोय कंपनीनेच करून ठेवली आहे. त्यासाठी मामांची गाडी कशाला फाडायची?

इथवर मी मनातून खूष होतो. माझे मत दुसऱ्या पक्षाचे, म्हणजे 'हात लावू नका' हे. मला वाटले, मामी माझ्याच बाजूने बोलणार. चाळीस वर्षे नवऱ्याबरोबर जिने संसार केला, त्या बाईला त्याच्या गाडीचा एक स्क्रू बदललेला कसा खपेल?

मामी चौकटीत बसून सगळे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आधी दिवा बदला."

"मामी, तो मूळचा दिवा आहे. त्या काचेवर नाव आहे कंपनीचे."

"असू दे. तुला या गाडीची पडपड गोड लागते, कारण तू सुटीत यायचास. मी ती कशी ऐकली ते मला ठाऊक. रात्री कुणाची तरी म्हैस अडायची, माणूस बोलवायला यायचा, की हे निघाले. रस्ता कसला, चाकोरीच ती. गाडी हळू केली की दिवा पिवळा पडायचा, खड्डा आला की विझल्यासारखाच. मग मी हँडलला बॅटरी बांधून द्यायला लागले सुतळीने. परत येईपर्यंत डोळ्याला डोळा नाही लागायचा. माझ्या नातवाला तसला दिवा देऊ नका."

यावर मी काय बोलणार? जुन्या वस्तूचा जिव्हाळा तिच्यापासून लांब राहिलेल्यांना अधिक असतो. तिच्यापायी रात्री जागून काढलेल्या माणसाचा हिशेब वेगळा असतो, हे मला त्या दिवशी कळले.

मामींची तक्रार शास्त्राला धरून होती, हे मिस्त्रींनी उलगडून सांगितले. जुन्या जावेची वीज सहा व्होल्टची. छत्तीस वॅटचा दिवा सहा व्होल्टवर लावला तर तारेतून सहा अँपिअर प्रवाह लागतो. बारा व्होल्टवर तीनच पुरतो. प्रवाह निम्मा झाला की तारेत वाया जाणारी वीज चौथ्या हिश्शावर येते. शिवाय जुना डायनामो इंजिन हळू फिरले की वीज फारशी देतच नाही. म्हणजे खड्ड्यांतून जाताना, उजेडाची गरज सर्वांत जास्त असते तेव्हा, तो सर्वांत कमी! यावर उपाय आहे. डायनामो काढून त्याच जागी चुंबकाचे चाक आणि वेटोळी बसवायची. बारा व्होल्टची वीज मिळते आणि ठिणगीही इलेक्ट्रॉनिक होते, म्हणजे दर थोड्या दिवसांनी पॉइंट घासण्याची कटकट संपते. असे तयार संच चेक देशात जुन्या जावांसाठी आजही बनतात. मुख्य म्हणजे कुठे कापाकापी नाही. उद्या वाटले तर जुना डायनामो परत बसवता येतो.

एल.ई.डी.ला मात्र मिस्त्रींनी नकार दिला. जुन्या दिव्याची वाटी तारेच्या बल्बसाठी आखलेली, त्यात एल.ई.डी. घातला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. बारा व्होल्टचा हॅलोजन बल्ब त्याच वाटीत, त्याच काचेआड बसला. मला ती काच मिळाली, मामींना उजेड मिळाला.

मग ब्रेक. गळीत हंगामात या भागात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, कधी कडेला उभ्या. मागे लाल दिवा असेलच असा भरवसा नाही. तेव्हा गाडी थांबली पाहिजे, ही गोष्ट हौसेची नव्हे. पण डिस्क ब्रेक बसवायचा तर चाकाचा हब बदला, पुढचा फोर्क बदला. त्याऐवजी जुने ड्रम लेथवर साफ गोल करून घेतले, शूंना नवे अस्तर लावले, केबली नव्या घातल्या आणि कडक होऊन तडकलेले टायर बदलले. त्या मापाची गाडी तेवढ्यावर नीट थांबते. जाता जाता एक सांगतो. जुन्या ब्रेकच्या अस्तरात बहुधा ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ तोंडाने फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

पेट्रोलची गोष्ट त्याहून मजेची. 2023 सालापासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि 2025 पर्यंत ते देशभर पसरले. यातले काही इथेनॉल उसापासून होते. म्हणजे बारामती-इंदापूरच्या मळ्यांतला ऊस फिरून मामांच्या टाकीत येणार! पण जुन्या गाडीला हा पाहुणा मानवत नाही. जुने रबर त्याने फुगते, चिरते. हवेतले पाणी ते ओढून घेते आणि गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाला गंज धरतो. म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर, कार्बोरेटरची रबरे, सगळी इथेनॉल सोसणारी घातली. कार्बोरेटर जुनाच राहिला. आणि पुष्कळ दिवस गाडी काढायची नसेल तर टाकी रिकामी करून ठेवायची, असा दंडक मिस्त्रींनी घालून दिला.

राहिला कायदा. 1988च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम सांगते, की नोंदणीच्या वेळी गाडी जशी बनली त्यात मनमानी फेरफार चालणार नाहीत. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. सांगाडा कापणे, दुसरे इंजिन घालणे हे तर विनापरवानगी करूच नये. शिवाय 2021 पासून पन्नास वर्षांवरील गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करता येते. त्याला वीस हजार रुपये पडतात, मुदत दहा वर्षांची. पण गाडी मूळ रूपात असली पाहिजे आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. आमच्या चिरंजीवांना दर शनिवारी आजीकडे यायचे होते, म्हणून त्यांनी साधीच नोंदणी पाच वर्षांसाठी पुढे वाढवून घेतली. सांगाडा आणि इंजिन मात्र जसेच्या तसे राखले आहेत. पुढेमागे व्हिंटेजची वाट धरावीशी वाटली तर ती त्याने आपल्या हाताने बंद केलेली नाही.

आता यादीतला शेवटचा मुद्दा, सायलेन्सर. त्यावर मामींनीच निकाल दिला. नातवाला म्हणाल्या, "आवाज तोच ठेव."

"का गं आजी? आत्ताच तर म्हणालीस, पडपड ऐकून झोप लागायची नाही."

"परत येताना ऐकू आली की लागायची ना! भलत्या आवाजाला मी रात्री दार उघडणार नाही. सांगून ठेवते."

दोन्ही सायलेन्सर आतली काजळी काढून, गंज घासून, पुन्हा जागच्या जागी बसले. एका पत्र्याच्या डब्यात जुना डायनामो, पॉइंट, सहा व्होल्टचा हॉर्न आणि काढलेला एकूण एक भाग चिठ्ठी लावून ठेवला आहे. डबा मामींच्या फडताळात आहे. चैत्रापासून गाडी बहुतेक शनिवारी सुप्याला येते. नव्या दिव्यात ती मोरगावच्या रस्त्यावर एकदा रात्रीचीही जाऊन आली. मामी त्या रात्री जाग्या होत्या की नाही, हे मी विचारले नाही.

या सगळ्यातून मला जे उमगले ते तुमच्या बंबाला आणि रेडिओलाही लागू पडेल. जुन्या वस्तूत काय बदलावे याचा निवाडा करताना आधी हे पाहावे, की ती वापरताना कुणाला त्रास झाला, कुणाच्या जिवाला घोर लागला. तो भाग बिनदिक्कत बदलावा. पूर्वजांनाही तो बदललेला आवडला असता, त्यांच्या काळी मिळत नव्हता एवढेच. जी गोष्ट वस्तूची ओळख आहे, ती केवळ फॅशन म्हणून काढू नये. आणि जे काढाल ते फेकू नये. पुढच्या पिढीचे मत आपल्यापेक्षा वेगळे असू शकते, तेवढी जागा तिच्यासाठी ठेवावी.

यंदा माळ्यावरून काही खाली काढाल तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या सर्वांत वडील बाईमाणसाला एकदा विचारून पाहा. उत्तर तुम्ही समजता तेच येईल, असे नाही. दिवाळीच्या शुभेच्छा!