खटक्याचा रुबाब

चाकूरच्या बाजारात एकवीस गिअरची सायकल दिसली, की तिचा एकच गिअर चालत असणार यावर मी पैज लावायला तयार आहे. पुढे तीन चकत्या, मागे सात, गुणाकार करून स्टिकरवर एकवीस. आणि पोरगं वर्षभर एकाच चकतीवर पाय मारतंय. खटका दाबला की चेन कुरकुरते, नाहीतर एक चकती ओलांडून पलीकडे पडते. म्हणून त्याने लिव्हरला हात लावणंच सोडलंय. बाप सायकलीला शिव्या घालतो. त्या खटक्याला घालायला हव्यात.

खटक्याचं गणित फार सोवळं असतं. सात चकत्यांच्या सायकलीत दोन चकत्यांमध्ये पाच मिलिमीटरचं अंतर. एका खटक्याला लिव्हर जेमतेम तीन मिलिमीटर वायर ओढते आणि तेवढ्यात चेन सरकवणाऱ्या डिरेलरने नेमकं पाच मिलिमीटर सरकायचं असतं. वायर अर्धा मिलिमीटर ताणली गेली, कव्हरमध्ये पाणी शिरून गंज धरला, जीपच्या टपावर टाकताना डिरेलरची पट्टी वाकली, की गणित संपलं. आपल्याकडे पाऊस, काळी माती आणि जीपचा टप हे तिन्ही मुबलक. दुकानदार म्हणतो, वायर ताणायची गुंडी पाव आटा फिरवा. वाकलेली पट्टी गुंडीने सरळ होत नाही, साहेब. ती सरळ करायची तर लातूर गाठायचं, आणि तिथेही पक्कडच निघते.

बिनखटक्याच्या लिव्हरला यातलं काहीच अडत नाही. ती नुसत्या घर्षणावर जिथे सोडाल तिथे थांबते. वायर सैल आहे? थोडी जास्त ओढा. पट्टी वाकली आहे? थोडं मागे घ्या. चेनचा आवाज बंद झाला की गिअर बसला. ट्रॅक्टरचा हातातला अॅक्सिलरेटर असाच चालतो. त्याला खटके नाहीत म्हणून कुणी नांगरट बंद ठेवली नाही. पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकणारा एडी मर्क्स असल्याच लिव्हरवर आल्प्स चढला. शिमानो कंपनीचा खटक्याचा ‘ड्युरा-एस’ संच 1984 साली आला, तोवर मर्क्स निवृत्तही झाला होता.

शर्यतीत दोन्ही हात हँडलवर घट्ट ठेवून अकरा-बारा चकत्यांमध्ये गिअर बदलायचा तर खटका हवाच. तिथे चकत्यांमधलं अंतर चार मिलिमीटरच्याही आत येतं आणि मागे दुरुस्तीची गाडी असते. आष्टामोडहून शेताकडे जाणाऱ्याच्या मागे धूळ असते.

‘बिनखटक्याची लिव्हर लोकांना जमणार नाही’ हा युक्तिवाद तर निव्वळ उद्धटपणा आहे. ज्या माणसाला इंजिनच्या आवाजावरून पंपात पाणी आलं की नाही हे कळतं, त्याला चेनचा आवाज कळणार नाही? शिवाय 1989 नंतरच्या चकत्यांच्या दात्यांना चेन वर चढवणारे उतार कापलेले असतात, त्यामुळे बिनखटक्याचं काम पूर्वीपेक्षा सोपंच झालंय. आणि गंमत बघा, कितीतरी स्वस्त सायकलींत डावी लिव्हर, पुढच्या तीन चकत्यांची, आजही बिनखटक्याचीच येते. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. डाव्या हाताला जमतं ते उजव्याला का जमू नये?

चीड याची येते, की खटका ठेवूनही हा घोळ टाळता येत होता. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या शिमानोच्या अंगठ्याने फिरवायच्या लिव्हरला एक छोटी कळ असे. खटका बिघडला की कळ फिरवायची आणि घर्षणावर चालवत घरी यायचं. पुढे जोडीजोडीने दाबायची बटणं आली आणि ती कळ हँडलवरून गेली. दुकानात ‘टक’ असा आवाज ऐकवून सायकल खपते, आणि नंतर ती गोठ्यात कडब्याखाली पडते तेव्हा विकणारा तिथे नसतो.

तेव्हा दिवाळीत पोरासाठी गिअरची सायकल घ्यायला लातूरला जाल, तर स्टिकरवरचा आकडा वाचू नका. एवढंच विचारा: उजवीकडचा खटका बंद करता येतो का, नाहीतर बिनखटक्याची लिव्हर बसवून देता का? दुकानदार हसला, तर बिनगिअरची काळी सायकल घ्या आणि उरलेल्या पैशांत दोन टायर घेऊन ठेवा.