गाणे पाठवा, पण कवीच्या नावासह

दर आठवड्याला आपल्या ग्रुपवर नवी गाणी येतात. कधी चेन्नईचे ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’, कधी पंजाबची गिन्नी माही. आपण ऐकतो, पुढे पाठवतो. हे चांगलेच आहे. पण भीमगीत पाठवताना ते कोणी लिहिले, हे आपण सांगतो का?

वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) हजारो गीते लिहिली. अनेक गीतांच्या शेवटच्या कडव्यात त्यांनी ‘वामन’ हे नाव गुंफले. ज्या समाजाला अक्षरच नाकारले गेले, त्या समाजातल्या कवीची ती सही आहे. आज मिरवणुकीतल्या डीजेवर धृपद आणि एखादे कडवे वाजते, शेवटचे कापले जाते. कडव्याबरोबर कवीही कापला जातो. इथे मनुवाद्यांना दोष देता येणार नाही. कात्री आपल्याच हातात आहे.

काही म्हणतील, गाणे समाजाचे, नावाला काय महत्त्व? पण १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर आपण गमावलेले शाहीर विलास घोगरे आजच्या पोरांना कळले, ते ‘जय भीम कॉम्रेड’ने त्यांचे गाणे नावानिशी जपले म्हणून.

म्हणून दर रविवारी विहारात वंदनेनंतर एक गाणे पूर्ण ऐकू या. कोणी लिहिले, कोणी गायले, कशासाठी, यावर बोलू या. मगच ते पाठवू या. वस्तीतल्या जुन्या गायन पार्टीच्या वह्यांचे फोटो काढून ठेवू या. त्या वह्या रद्दीत गेल्या, तर कोणतेही ॲप त्या शोधून देणार नाही.

जय भीम!