कोकणच्या गाण्याचा धनी कोण?

दापोली तालुक्यातील आंजर्ले हे गाव कड्यावरच्या गणपतीमुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. जोग नदीची खाडी, पलीकडे हर्णै बंदर, समुद्रात उभा सुवर्णदुर्ग आणि शेजारीच श्री. ना. पेंडसे यांचे जन्मगाव मुर्डी, असा हा परिसर. पूर्वी तरीने खाडी ओलांडून येणारा भाविक आता पुलावरून मोटारीने येतो आणि समुद्रकाठी मुक्कामही करतो. मुक्कामाला आलेल्या शहरी पाहुण्याला दिवस मावळल्यावर गाणे हवे असते, आणि त्याच्या मनातले गाणे बहुधा गिटारवरचे असते. लोकगीतांच्या चाली, अमेरिकी 'कंट्री रॉक'ची लय आणि स्वतः रचलेली गीते यांचा मेळ घालणाऱ्या तरुण गायक-वादकांना आज चांगला श्रोतृवर्ग लाभला आहे. अशी एखादी मैफल उद्या आंजर्ल्यात रंगली, तर आपण तिच्याकडे सांस्कृतिक आक्रमण म्हणून पाहावे की संधी म्हणून?

केवळ वाद्य परके म्हणून नाके मुरडण्यात अर्थ नाही. ज्या पेटीवाचून आपले भजन उभे राहत नाही, ती हार्मोनियम मुळात युरोपातली. आकाशवाणीने 1940 पासून सुमारे तीन दशके तिला मज्जाव केला होता. परंतु गावोगावच्या भजनी मंडळांनी तिला कधीच घरची मानले होते. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत वाजणारा आपला 'बेंजो' तर नावाने अमेरिकी आणि कुळीने जपानी. 1912 साली नागोया येथे मोरिता गोरो यांनी घडवलेल्या वाद्याचा तो वंशज. कळा असलेल्या त्या वाद्याला आपण बुलबुलतरंग म्हटले, त्याला वीज जोडली आणि त्यावर कोळीगीते वाजवली. ज्या समाजाला स्वतःचा सूर ठाऊक असतो, तो कोणतेही वाद्य पचवतो. कलकत्त्याच्या 'मोहिनेर घोडागुली'ने 1970च्या दशकात बाउल गीतांच्या वळणाला गिटारची साथ दिली. पुढे रघु दीक्षित यांनी शिशुनाळ शरीफांची पदे नव्या पिढीच्या ओठी आणली. या प्रयोगांनी मूळ परंपरा बुडाली नाही. उलट अनेक तरुणांना तिचा पत्ता लागला.

मग चिंता कशाची? चिंता आहे ती मूळ गायकाच्या विस्मरणाची.

कोणत्याही कंपनीच्या आश्रयावाचून स्वतःचे गाणे स्वतः रचून गाणाऱ्या कलावंताला हल्ली 'इंडी' म्हणतात. या अर्थाने पाहिले तर कोकणातील जाखडीचा शाहीर हा आपल्याकडचा फार जुना 'इंडी' कलावंत ठरतो. गौरी-गणपतीच्या दिवसांत मृदंग-ढोलकीभोवती फेर धरून पायांत चाळ बांधलेले तरुण नाचतात आणि मध्ये बसलेला शाहीर आपली स्वतःची पदे म्हणतो. शक्तीवाले आणि तुरेवाले यांचे सवाल-जवाब म्हणजे पुराणांचा अभ्यास, शीघ्रकवित्व आणि लोकव्यवहाराची जाण यांची परीक्षाच. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, त्याच दिवसांत नमन-खेळे रंगतात. गण, गवळण, काळ्या वेशातील संकासुर, रावणाचे सोंग आणि मग वग, असा हा रात्रभराचा विधियुक्त खेळ. दिवसा शेतावर वा मुंबईत नोकरीत राबणाऱ्या माणसांनी हे उभे केले, तेही पदरमोड करून. आणि त्यांच्या वाट्याला काय आले? 'बाल्या नाच' हे नावही शहराने पुष्कळदा कौतुकाने नव्हे, तर चेष्टेनेच उच्चारले.

ज्या संगीताचे अनुकरण आपले तरुण करतात, त्याचा इतिहास येथे उद्बोधक आहे. अमेरिकेतील डोंगराळ भागातल्या कष्टकऱ्यांच्या गाण्याला तिथल्या नगरवासीयांनी आरंभी 'हिलबिली', म्हणजे डोंगरचे गावंढळ, असेच हिणवले होते. 1927 साली टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टॉल गावी राल्फ पीर यांनी जिमी रॉजर्स आणि कार्टर कुटुंब यांच्या ध्वनिमुद्रिका केल्या आणि 'कंट्री' संगीताचा व्यवसाय बाळसे धरू लागला. कार्टर कुटुंबाचे प्रमुख ए. पी. कार्टर जुनी गाणी शोधत खेडोपाडी फिरत, तेव्हा त्यांच्यासोबत लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय वादक असे. सिमेंट कारखान्यातील अपघातात त्याने पाय गमावला होता. कार्टर शब्द टिपून घेत आणि रिडल चाल स्मरणात ठेवी. गाणी कार्टर यांच्या नावावर नोंदली गेली. रिडलचे नाव तबकडीवर आले नाही. 1960च्या दशकात माइक सीगर या संग्राहकाने त्याला शोधून काढले, तेव्हा कोठे जगाला त्याचे ऋण कळले. आपल्या वाडीवस्तीतले असे किती रिडल आपण विस्मृतीत ढकलणार आहोत?

हा प्रश्न भावनेपुरता नाही, हक्काचाही आहे. शाहिराने स्वतः रचलेल्या पदावर 1957च्या स्वामित्वहक्क कायद्यान्वये त्याचाच अधिकार असतो. 2012च्या दुरुस्तीने सादरकर्त्या कलावंताला आपले नाव जाहीर होण्याचा हक्कही दिला. परंतु परंपरेने आलेल्या चालीला कायद्याच्या दृष्टीने धनी नसतो. ती कोणीही उचलावी, 'पारंपरिक' असे लिहावे आणि मोकळे व्हावे. जेथे कायदा थांबतो, तेथून संस्कार सुरू व्हायला हवा. मंदिरात जाताना वहाणा काढाव्यात हे आपल्याला कोणता कायदा शिकवतो?

म्हणून आंजर्ल्यात अशी संध्याकाळ योजणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. पहिला मान गावातील वा पंचक्रोशीतील मंडळाला द्यावा, आणि तो पाच मिनिटांच्या 'झलक'पुरता नसावा; निदान गण-गवळण सलग होऊ द्यावी. शाहिराचे नाव आणि गाव जाहिरातीत पाहुण्या गायकाच्या बरोबरीने छापावे. बिदागीही तशीच असावी. लोककलावंताने केवळ नारळ-शालीवर समाधान मानावे, ही अपेक्षा आता सोडावी. जी चाल उचलली, ती कोणाकडून ऐकली हे गायकाने व्यासपीठावरून सांगावे. आणखी एक पथ्य याच किनाऱ्याचे. येथील वाळूत हिवाळ्यापासून समुद्री कासवे अंडी घालतात आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत पिल्ले समुद्राकडे धाव घेतात. झगमगीत दिव्यांनी ती वाट चुकतात. तेव्हा ही मैफल वाळूत नव्हे, तर गावच्या सहाणेवर वा एखाद्या सारवलेल्या अंगणात व्हावी. लोककलेचे खरे व्यासपीठही तेच आहे.

गावाचेही कर्तव्य आहे. वयोवृद्ध शाहिरांच्या वह्या माळ्यावर कसरीच्या भक्ष्यस्थानी पडण्यापूर्वी त्यांच्या प्रती काढाव्यात, पदे त्यांच्याच आवाजात मुद्रित करावीत, शाळेतल्या मुलांना मृदंगाचे बोल शिकवावेत. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या अशाच निष्ठेने जपल्या. 2021 साली पद्मश्रीने त्यांची दखल घेतली. सन्मान उशिरा येतो, पण तो यायचा तर आधी कोणीतरी ठेवा राखलेला असावा लागतो.

गिटार घेऊन येणाऱ्या तरुणाचे कोकणाने स्वागतच करावे. तो आपल्याच घरचा मुलगा आहे. कदाचित त्याचा आजोबाही याच मातीत पायांत चाळ बांधून नाचला असेल. त्याने एवढेच करावे, की गिटारची तार जुळवण्याआधी शेजारी बसलेल्या मृदंगवाल्या काकांना नमस्कार करावा, आणि त्यांचे गाणे संपेपर्यंत ऐकत बसावे.