लाइट आली, पण कॉम्प्युटर अडला

मे-जूनमध्ये वळवाचा वारा सुटला की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात फांद्या तारांवर पडतात आणि भर कामात लाइट जाते. भारनियमनाच्या काळात निदान वेळापत्रक तरी असे. लोक घड्याळ बघून मशीन बंद करत. आता लाइट सांगून जात नाही. लेकीचा कॉलेज प्रवेशाचा अर्ज अर्धवट भरलेला असतो, अब्बांच्या दुकानाचा हिशेब उघडा असतो आणि पडदा काळा होतो. लाइट परत येते, पण कॉम्प्युटर सुरू होऊन मध्येच थिजतो. माउस हलत नाही, बटणे ऐकत नाहीत. अशा वेळी काय करावे, ते या महिन्यात पाहू.

आधी कारण समजून घेऊ. कॉम्प्युटर आपल्या नोंदी डिस्कवर सतत लिहीत असतो. लिहिता लिहिता कुणी हात धरला तर वहीतली ओळ अर्धी राहते, तसेच इथे होते. पुढच्या वेळी मशीन ती अर्धी ओळ वाचायला जाते आणि अडते. दुसरा धोका लाइट परत येताना असतो. गल्लीतले फ्रिज आणि मोटारी एकदम सुरू होतात, दाब खाली-वर होतो. घरात साधारण 230 व्होल्ट यायला हवेत. पण न्यूट्रल तार तुटली तर हाच दाब 300 ते 400 व्होल्टच्या घरात जाऊ शकतो. दिवे एकदम प्रखर झाले किंवा पंखा भलताच जोरात फिरू लागला तर लगेच मेन स्विच बंद करा आणि महावितरणच्या 1912 क्रमांकावर कळवा.

आता अडलेल्या मशीनकडे वळू. सुरू करायचे बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे ते बंद होईल. मग भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढा. प्रिंटर, पेनड्राइव्ह, स्पीकर सगळे सोडवा. प्लग काढलेला असतानाच सुरू करायचे बटण पुन्हा पंधरा सेकंद दाबा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. पाच मिनिटे थांबून फक्त कीबोर्ड आणि माउस जोडून सुरू करा. कित्येकदा एवढ्यावरच भागते.

भागले नाही तर मशीन नेमके कुठे अडते ते बघा. पडद्यावर काहीच येत नसेल किंवा नुसते बीप वाजत असेल, तर रॅम हललेली असू शकते. जाणकार माणूस ती काढून, तिच्या पिवळ्या पट्ट्या खोडरबराने पुसून पुन्हा बसवतो. तारीख-वेळ दर वेळी चुकत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तो सीआर 2032 नावाने मिळतो आणि स्वस्त असतो. पॉवर सप्लायची पेटी मात्र घरी कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात झटका देण्याइतकी वीज राहते.

विंडोजचे चिन्ह येऊन गोल फिरत राहिले तर घाई करू नका. डिस्कची तपासणी चालू असू शकते आणि तिला तासभरही लागतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असेपर्यंत बटण दाबू नका. दोन-तीनदा सुरू होता होता अडले की विंडोज बहुधा स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. तिथे ‘स्टार्टअप रिपेअर’ निवडा. त्याच पडद्यावरून ‘सेफ मोड’मध्येही जाता येते. सेफ मोडमध्ये मशीन नीट चालले तर दोष बहुधा एखाद्या सॉफ्टवेअरचा किंवा ड्रायव्हरचा असतो.

मशीन थोडा वेळ जरी चालले, तरी पहिले काम एकच: फोटो, हिशेब आणि कागदपत्रे पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. तपासणी त्यानंतर. सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘टूल्स’, मग ‘चेक’ असे जा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर हे काहीच करू नका. मशीन बंद ठेवा आणि जाणकाराकडे न्या. प्रत्येक वेळी सुरू करताना तिचे उरलेसुरले आयुष्य खर्च होत असते.

दुरुस्तीला दिल्यावर ‘फॉरमॅट मारावे लागेल’ असे उत्तर ऐकू येते. कधी ते खरेही असते. पण होकार देण्याआधी विचारा, ‘आतला डेटा आधी काढून देणार का?’ मशीन बाजारात पुन्हा मिळेल. निकाहचे फोटो आणि इंतकाल झालेल्या दादीचा रेकॉर्ड केलेला आवाज कुठल्या दुकानात मिळणार? आम्हाला वाटते, कॉम्प्युटर एकट्या मुलाचा असला तरी त्यातली ही अमानत साऱ्या घराची असते.

पुढे असे होऊ नये म्हणून यूपीएस घ्या. घरच्या एका कॉम्प्युटरला 600 व्हीएचा साधारणपणे पुरतो. त्याची दहा-पंधरा मिनिटे काम पुढे रेटण्यासाठी नसतात. तेवढ्यात काम सेव्ह करून मशीन रीतसर बंद करायचे असते. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. जुन्या घरात अर्थिंग आहे का, तेही वायरमनकडून तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या खोबणीत कसाबसा बसवला की अर्थिंग असून नसल्यासारखे होते. यूपीएस नसेल तर लाइट जाताच भिंतीवरचे बटण बंद करा. लाइट परत आल्यावर पाच मिनिटे जाऊ द्या आणि मगच सुरू करा.

आणि दर जुम्म्याला, दहा मिनिटे काढून, आठवड्याचे काम दुसरीकडे उतरवून ठेवा. घरातल्या कुणा एकावर ही जबाबदारी सोपवा. बहुतेक घरांत हे काम नववी-दहावीतली मुलगी सर्वांत चोख करते.