विश्लेषण : घरी बांधलेल्या लाकडी होडीला इलेक्ट्रॉनिक ‘रेस’ आणि सुकाणू, सिग्नल तुटला तर होडी काय करणार?

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली. १५ जणांचा जीव गेला. इंजिनची चाचणी सुरू असताना बिघाड झाला आणि बोटीवरचं नियंत्रण सुटलं, असं नौदलाने तेव्हा सांगितलं. त्यानंतरची बरीचशी चर्चा लाइफ जॅकेट आणि प्रवासी क्षमतेभोवती फिरली. ती गरजेची होतीच. पण चालकाचा हात एक सांगतोय आणि इंजिन दुसरंच करतंय, अशा वेळी बोटीने काय करायला हवं, हा प्रश्न मागे पडला.

नौदलाची बोट आणि घरी बांधलेली लाकडी होडी यांची बरोबरी होऊ शकत नाही. प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. पूर्वी महागड्या यॉटवर दिसणारं इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आणि स्टिअरिंग आता हौशी बोटबांधणाऱ्यांच्या हाती आलं आहे.

नेमकं काय बदलतंय?

आउटबोर्ड इंजिन लावलेल्या साध्या होडीत माणूस मागे बसतो आणि इंजिनचा दांडा हातात धरतो. मूठ पिळली की रेस वाढते, दांडा ढकलला की होडी वळते. थोडी मोठी होडी असेल तर पुढे चाक आणि लिव्हर असतं, तिथून इंजिनपर्यंत लोखंडी केबल जाते. हात आणि इंजिन यांच्यात प्रत्यक्ष धातूचा दुवा असतो.

इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेत हा दुवा नसतो. लिव्हर किती सरकलं हे सेन्सर मोजतो, तो आकडा तारेतून इंजिनजवळच्या डब्यात जातो आणि तिथली छोटी मोटर थ्रॉटल उघडते. स्टिअरिंगचंही तसंच. चाक फक्त ‘इतकं वळ’ असा निरोप पाठवतं, इंजिन प्रत्यक्ष ढकलते ती मागे बसवलेली विजेची मोटर. व्होल्वो पेंटाने २००५ मध्ये आयपीएस ही प्रणाली बाजारात आणली आणि जॉयस्टिकने बोट धक्क्याला लावणं लोकप्रिय होत गेलं. आता आउटबोर्ड बनवणाऱ्या मोठ्या कंपन्याही हेच देतात. विजेवर चालणाऱ्या आउटबोर्डचा वेग तर इलेक्ट्रॉनिक्सच ठरवतं, तिथे थ्रॉटलच्या केबलचा प्रश्नच येत नाही. म्हणजे वेगळं काही न मागताही ही व्यवस्था ग्राहकाच्या होडीत येते.

दुसरा रस्ता जुगाडाचा. जुन्या इंजिनच्या थ्रॉटलला एक लिनिअर अॅक्ट्युएटर, सुकाणूला दुसरा आणि मधे काही हजार रुपयांचा मायक्रोकंट्रोलर. ‘अर्डूपायलट’सारखं मुक्त सॉफ्टवेअर बोटीही चालवतं, त्यामुळे कोड लिहायचीही फारशी गरज उरत नाही. जगभरचे हौशी लोक हे करतात, आणि शांत तलावात ते छान चालतंही.

केबल बरी की तार?

फायदे खरे आहेत. खाऱ्या हवेत केबल गंजते, जड होते, दोन-तीन हंगामांत बदलावी लागते. इलेक्ट्रॉनिक लिव्हर बोटाने सरकतं. खांदा दुखणाऱ्या किंवा वय झालेल्या माणसाला दिवसभर होडी चालवणं सोपं जातं.

फरक पडतो तो बिघाडाच्या तऱ्हेत. केबल बिघडायच्या आधी सांगते. आठवडाभर हाताला जड लागते, करकरते, अडकते. दांडा धरलेल्या हाताला प्रोपेलरमध्ये जाळं गुंतलं तरी कळतं. इलेक्ट्रॉनिक लिव्हर शेवटच्या क्षणापर्यंत तितकंच मऊ राहतं. जोडणीच्या पिनवर हिरवा गंज चढत असतो तेव्हा हाताला काहीच जाणवत नाही, आणि मग एका लाटेच्या धक्क्यात सिग्नल जातो. म्हणून इथे खरी परीक्षा व्यवस्था कशी चालते याची नसून ती बंद पडताना काय करते याची असते.

बंद पडताना तिने काय करायला हवं?

थ्रॉटलपुरतं उत्तर बऱ्यापैकी ठरलेलं आहे. चांगल्या लिव्हरमध्ये दोन सेन्सर असतात, गाडीच्या इलेक्ट्रॉनिक अॅक्सिलरेटरमध्ये असतात तसेच. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर नियंत्रक कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवत नाही आणि इंजिन आयडलवर आणतो. लिव्हरकडून निरोप येणं थांबलं तरी हेच. लिव्हर न्यूट्रलमध्ये नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. घरगुती जुगाडात नेमकं हे राहून जातं. स्वस्त अॅक्ट्युएटरचा सिग्नल गेला की तो जिथे आहे तिथेच थांबतो. होडी पूर्ण रेसवर असेल तर पूर्ण रेसवरच.

आणि आयडल म्हणजे सुरक्षित, हेही प्रत्येक वेळी खरं नाही. कोकणातल्या अनेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा पट्टा असतो आणि त्यावर लाटा फुटतात. तिथून आत येताना ताकद गेली तर होडी आडवी होते आणि पुढची लाट तिला उलटवू शकते. धक्क्याजवळ जीव वाचवणारी सोय तिथे जीवावर बेतू शकते. म्हणून काही उत्पादक बिघाडानंतर मर्यादित वेगाने घरी परतण्याची सोय देतात. आपल्या होडीला दोन्हीपैकी काय हवं, हे ती कुठल्या पाण्यात चालते त्यावर ठरतं. किट निवडण्याआधीच हे ठरवायला हवं, नंतर सॉफ्टवेअर बदलून भागत नाही.

सुकाणूचं प्रकरण याहून अवघड आहे, कारण त्याला ‘सुरक्षित स्थिती’ अशी नाहीच. सिग्नल गेला की इंजिन सरळ करावं का? वळण घेताना ते गेलं असेल तर सरळ जाणं म्हणजे थेट खडकावर जाणं. आहे तिथेच धरून ठेवावं? मग होडी गोल फिरत राहते. चालक पाण्यात पडला असेल तर ती फिरून त्याच्याच अंगावर येते. म्हणूनच सुकाणू बिघडल्याचं कळलं की आधी रेस खाली आणणं, ही दोन व्यवस्थांमधली सांगड महत्त्वाची. थ्रॉटल एका कंपनीचं आणि स्टिअरिंग दुसरीचं बसवलं की ही सांगड बहुतेकदा नसतेच.

या सगळ्याच्या वर एक गोष्ट हवी : चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधलेली दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद पडतं. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींवर वेगात असताना ती लावणं सक्तीचं आहे. तिची तार मायक्रोकंट्रोलरमधून नेऊ नये, तिने सॉफ्टवेअरला न विचारता इंजिन थेट तोडायला हवं. डिझेल इंजिनात इथे एक खोच आहे. काही इंजिनांना बंद होण्यासाठी वीज लागते. अशा होडीत बॅटरी मेली तर नियंत्रण जातं, पण इंजिन मात्र आनंदाने चालूच राहतं.

लाकडामुळे वेगळं काय होतं?

बरंच. लाकूड ओलं होतं, फुगतं, वाळतं, वळतं. त्यावर स्क्रूने पक्का बसवलेला सेन्सर हंगामभरात एक-दोन मिलिमीटर हलला, तर केबलला फरक पडत नाही, पण स्टिअरिंगचा ‘मध्य’ बदलतो. आउटबोर्ड ज्या मागच्या फळीवर बसतं तिथे तारांसाठी पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला आत जायला वाट. भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं आणि मग त्यातून पुन्हा हवं तेवढं पाडायचं, ही पद्धत त्यासाठीच आहे.

फारसं बोललं न जाणारं नुकसान विजेचं आहे. लाकडी होडीच्या पाण्याखालच्या धातूच्या भागांमधून नको तो प्रवाह वाहू लागला, किंवा गंज रोखायला जस्ताचे ठोकळे गरजेपेक्षा जास्त लावले, तर संरक्षण मिळालेल्या धातूभोवती अल्कली तयार होते. ती लाकडातला लिग्निन खाते. बोल्ट चकचकीत राहतो आणि त्याच्या भोवतीचं लाकूड भुसभुशीत होतं. फायबरच्या बोटीसाठी लिहिलेल्या सूचना जशाच्या तशा लाकडी होडीला लावल्या की हा धोका वाढतो. नव्या इलेक्ट्रॉनिक्सचा निगेटिव्ह कुठे जोडायचा, हा प्रश्न त्यामुळे किरकोळ राहत नाही.

मग तारेची जाडी. समजा स्टिअरिंगची मोटर १० अँपिअर ओढते आणि बॅटरीपासून तिथे जाऊन परत येईपर्यंत तार १२ मीटर आहे. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली तर वाटेत अर्धा व्होल्ट गळतो. १२ व्होल्टच्या व्यवस्थेत महत्त्वाच्या उपकरणांसाठी ३ टक्के, म्हणजे ०.३६ व्होल्ट ही प्रचलित मर्यादा. म्हणजे तार ६ चौरस मिलिमीटरची हवी. त्यात इंजिनचा स्टार्टर फिरताना बॅटरी क्षणभर ९-१० व्होल्टपर्यंत खाली येऊ शकते आणि स्वस्त नियंत्रक नेमका तेव्हा रीस्टार्ट होतो. नियंत्रणासाठी वेगळी छोटी बॅटरी ठेवणं हा यावरचा सरळ उपाय.

निरोप वाहणाऱ्या तारांची परीक्षा सोपी आहे. बहुतेक व्यवस्था कॅन बस वापरतात. दोन पीळ घातलेल्या तारा आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध. वीज बंद करून साध्या मल्टीमीटरने दोन तारांमध्ये मोजलं तर सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक सुटलेलं आहे. पाच मिनिटांचं काम, पण दर महिन्याला करण्याजोगं.

नियम काय म्हणतात?

छोट्या नौकांच्या इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग, गिअर आणि थ्रॉटलसाठी आयएसओ २५१९७ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ पासून आहे. पण मानक हे उत्पादकासाठी असतं. स्वतः बांधलेल्या होडीत उत्पादक म्हणजे मालक. युरोपात स्वतःच्या वापरासाठी बांधलेली होडी पाच वर्षं बाजारात विकली नाही तर तिला मनोरंजन नौकांच्या निर्देशातून सूटच मिळते. भारतात २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक जलयानांना सर्वेक्षण आणि नोंदणी लागते. मात्र कागदावर होडी पास होणं आणि भर वेगात लिव्हरची तार उपटल्यावर ती शहाण्यासारखी वागणं, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. दुसरी मालकालाच घ्यावी लागते.

ती कशी घ्यायची?

आधी धक्क्याला दोन दोरांनी बांधून. इंजिन गिअरमध्ये, रेस थोडी वर, आणि एकेक जोडणी काढत जायचं : लिव्हरची, चाकाची, बसची, शेवटी नियंत्रकाची वीज. प्रत्येक वेळी इंजिनने काय केलं ते लिहून ठेवायचं. मग मोकळ्या पाण्यात, कमी वेगात, दुसरी होडी सोबत ठेवून तेच. एकट्याने हे करू नये.

आणि जुना दांडा फेकायचा नाही. विजेची स्टिअरिंग मोटर बसवल्यावर इंजिन हाताने वळत नाही, आधी मोटरची पिन काढावी लागते. बऱ्याच होड्यांत ती पिन बॅटरीच्या खोक्यामागे, अंधारात, ओल्या जागी जाते. होडी हलत असताना, ओल्या हाताने, ती काढून दांडा बसवायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून बघावं. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर पिनची जागा बदलावी.