अथालच्या पुलावरचा घसारा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, हे आमच्या विज्ञान शाखेतील मित्रांना अतिक्रमण वाटण्याचा संभव आहे. परंतु घसारा नावाचे प्रकरण आमच्या पुस्तकात आहे, त्यांच्या नाही. ते प्रकरण मी परीक्षेपुरते तीनदा वाचले होते. समजले मात्र गेल्या मे महिन्यात, सिल्वासाजवळच्या अथाल गावी, दमणगंगेच्या पुलाच्या तोंडाशी, भर दुपारी दोन वाजता.

आमचे धाकटे मामा सिल्वासाला एका कारखान्यात हिशेबनीस आहेत. दादरा व नगरहवेली हा प्रदेश बेळगावकडच्या वाचकांना नकाशावर चटकन सापडायचा नाही, म्हणून दोन शब्द सांगतो. एका अंगाला गुजरात आणि दुसऱ्या अंगाला महाराष्ट्र अशा बेचक्यात तो आहे. १९५४ साली पोर्तुगीजांच्या हातून सुटला, १९६१ साली भारतात रीतसर सामील झाला आणि २०२० पासून दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला. तिथे गुजराती, मराठी, हिंदी आणि वारली अशा चार बोली एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात. सीमाभागात वाढलेल्या माणसाला त्यामुळे तिथे परके वाटत नाही.

मामांजवळ दोन आसनांची, परदेशी बनावटीची, लाल रंगाची स्पोर्ट्‌स कार आहे. तिचे वय वीस, म्हणजे प्रस्तुत लेखकाइतकेच. ती त्यांनी मुंबईत तिसऱ्या मालकाकडून विकत घेतली, आणि माझ्या आईच्या मते त्याच दिवशी त्यांची बुद्धी चौथ्या कोणाला तरी विकली. गाडीच्या कंपनीचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. जे घडले त्यात दोष कंपनीचा नव्हता, आमच्या मामांचा होता.

आम्ही मुंबईहून भिलाडमार्गे परतत होतो. महामार्ग सोडून नरोली मागे टाकली, आणि गाडीत एक गोडसर वास येऊ लागला, काकवी करपल्यासारखा. मामा म्हणाले, बाहेर कुठल्यातरी कारखान्याचा असेल. या भागात हे उत्तर केव्हाही खपते. मग उष्णतामान दाखवणारा काटा मधली रेघ ओलांडून वर चढू लागला. मी म्हटले, “मामा, थांबूया का?” ते म्हणाले, “अरे, घर आलंच की! पूल ओलांडला की पोचलोच.” कोणा स्नेह्याने सांगितलेला उपाय म्हणून त्यांनी त्या उन्हात गाडीतला हीटर सुरू केला. आम्ही दोघे भट्टीतल्या पावासारखे फुगलो. आणि काय आश्चर्य! अथालजवळ आलो तेव्हा चढलेला काटा एकाएकी खाली आला. “बघ! झाली की नाही थंड?” मामा विजयी मुद्रेने म्हणाले.

पुढच्या अर्ध्या मिनिटात बॉनेटच्या फटींतून पांढऱ्या वाफेचे लोट निघाले.

तो काटा खाली का आला, हे मला नंतर कळले, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. इंजिनाभोवती खेळणाऱ्या कूलंटची उष्णता मोजणारा संवेदक त्या द्रवात बुडालेला असावा लागतो. गळतीमुळे पातळी त्याच्या खाली गेली, तर तो द्रवाऐवजी मोकळी हवा-वाफ मोजू लागतो आणि काटा उतरू शकतो. म्हणजे इंजिन जळायच्या बेतात असताना काटा सांगतो, सर्व क्षेम. हीटरचेही तसेच. तो इंजिनाची उष्णता आत ओढतो हे खरे, पण त्यात फिरायला गरम द्रव उरला असेल तर. आमच्याकडे तो नरोलीपासून रस्त्यावर सांडत आला होता.

आता हिशेबाच्या वहीकडे वळतो. दुरुस्ती आणि देखभाल हा महसुली खर्च, नवी मालमत्ता घेणे हा भांडवली खर्च, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. देखभाल टाळली की त्या वर्षाचा खर्च कमी होतो आणि नफा तेवढाच फुगलेला दिसतो. ताळेबंद पाहणारा खूश होतो. कोरड्या पडलेल्या संवेदकाचा काटा आणि दुरुस्ती टाळून वाढलेला नफा यांत मला आता काहीच फरक वाटत नाही. दोन्ही खाली-वर होतात ते आतले काहीतरी संपत आले म्हणून.

मामा स्वतः हिशेबनीस. गेल्या तीन वर्षांत त्यांनी गाडीला नवा रंग दिला, आसनांना चामडे लावले, चाकांना चकचकीत रिम घातले. रेडिएटरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी होज पाइप मात्र, त्यांच्याच कबुलीप्रमाणे, गाडी घेतल्यापासून बदलला नव्हता. रबर उष्णतेने कडक होते, चिरते, विशेषतः जिथे क्लिप आवळलेली असते तिथे. पातळी कमी झाली की मामा नळाचे पाणी ओतीत. कूलंट म्हणजे नुसते पाणी नव्हे. इथिलीन ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी, बहुधा निम्मे-निम्मे, आणि त्यात गंज रोखणारी द्रव्ये. त्यामुळे ते उशिरा उकळते आणि आतला धातू खात नाही. नळाचे पाणी घालून घालून मामांनी त्याचे ताक केले होते. गंमत अशी, की कॅस्ट्रॉल आणि गल्फ ऑइल यांसारख्या कंपन्यांचे वंगणतेलाचे कारखाने याच सिल्वासा भागात आहेत. सारा देश ज्या गावच्या तेलावर चालतो, त्या गावच्या वेशीवर आम्ही कोरडे उभे होतो.

मी उतरलो, बॉनेट उघडले, हाताला रुमाल गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. इतक्यात मागून आरोळी आली, “मुच्चळ मुट्टब्याड तम्मा, बिसि ऐति!” झाकणाला हात लावू नकोस, गरम आहे. टपरीपाशी केए २२ क्रमांकाचा ट्रक उभा होता, आणि गोकाकच्या बाजूचे एक अण्णा चहाचा ग्लास हातात घेऊन धावत येत होते. आमचे मघाचे संभाषण त्यांनी ऐकले असावे. आम्ही मामा-भाचे भांडताना मराठीतून कन्नडात केव्हा घसरतो, ते आमचे आम्हांलाही कळत नाही. गुजरातच्या सीमेवर ती कन्नड ओरड ऐकून माझा हात थांबला. हिंदीत ओरडले असते तर कदाचित थांबला नसता, असे मला अजून वाटते.

ते झाकण दाब धरून ठेवते. त्या दाबामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केले की दाब जातो, आणि सगळे एका क्षणात वाफ होऊन उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. अण्णांच्या कोपरापासून मनगटापर्यंत जुना डाग होता. त्यांनी तो नुसता दाखवला. व्याख्यान दिले नाही.

पाऊण तास त्यांनी आम्हांला काहीही करू दिले नाही. मामांनी दोनदा घड्याळ पाहिले, एकदा म्हणाले, “पाणी ओतून हळूहळू नेली तर?” अण्णांनी विचारले, इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे ना? मग ते वाकेल, गॅस्केट जाईल, पाणी तेलात शिरेल आणि तेल चहासारखे होईल. शिवाय तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर धातूला तडा जाऊ शकतो. मामा गप्प बसले. मधल्या वेळात दोन शेळ्या रस्त्यावरच्या हिरवट थारोळ्याकडे आल्या. अण्णांनी त्या हाकलल्या आणि त्यावर फावड्याने माती टाकली. ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात विष. जनावर ते चाटते आणि त्याचे मूत्रपिंड जाते. कोणाची तरी शेळी आमच्या लाल गाडीपायी मेली असती आणि आम्हांला पत्ताही लागला नसता. त्या दिवशीच्या सगळ्या नुकसानीत हे न झालेले नुकसान मला सर्वांत मोठे वाटते.

इंजिन निवल्यावर त्यांनी क्लिप सोडवली, होजचा चिरलेला तोंडाकडचा दोन बोटे भाग कापून टाकला, उरलेला पुढे ओढून पुन्हा आवळला. टपरीवरच्या पाण्याच्या सात बाटल्या आत गेल्या. हे तात्पुरते आहे, सिल्वासाच्या गॅरेजपलीकडे नेऊ नका, असे त्यांनी मामांना दोनदा बजावले.

गॅरेजमध्ये नवा प्रश्न उभा राहिला. त्या गाडीचा होज कुठेच मिळेना. शेवटी दुसऱ्याच एका गाडीचा, त्याच व्यासाचा होज कापून बसवला. त्याची किंमत ६५० रुपये. आसनांच्या चामड्याला लागले होते ४२,०००. आपल्या शेजारी गोव्यात १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची, फायबरच्या अंगाची गाडी निघाली होती. इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचे. आता तिची निर्मिती बंद आहे. बंद पडलेल्या कोणत्याही गाडीचा मालक पुढे कंपनीच्या नव्हे, मिस्त्रीच्या भरवशावर असतो. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ यासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत मोटारीही घेतल्या. हे चांगलेच झाले. पण हक्क मागणाऱ्याने आधी होज तपासलेला असावा, असे माझे नम्र मत आहे.

दुसऱ्या बाजूने सरकारही वयच मोजते. १५ वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले. २० वर्षांवरील गाडीला २०२५ पासून १०,०००. नूतनीकरणापूर्वी गाडी तपासतात हे खरे, पण ते पाच वर्षांतून एकदा. आमचे पुस्तकही वर्षेच मोजते. एक लाखाची गाडी घटत्या शिलकीच्या पद्धतीने, दरसाल १५ टक्के घसाऱ्याने, वीस वर्षांनी वहीत सुमारे ३,८७६ रुपयांची उरते. होज बदललेला असो वा चिरलेला, आकडा तोच. आई म्हणते गाडी विकून टाक. शेजारी म्हणतात भंगारात घाल. मला दोन्ही पटत नाही. वीस वर्षांची गाडी जपून वापरणारा माणूस दर पाच वर्षांनी नवी घेणाऱ्यापेक्षा उधळ्या नव्हे. मात्र रंगावर खर्च करून होज विसरणारा माणूस गाडी जपत नाही, तिचा फोटो जपतो. हे मी मामांना तोंडावर सांगितले आहे. त्यांनी उत्तर दिले नाही. पण होज, क्लिपा, पट्टा आणि कूलंट यांच्या तारखा लिहायला आता एक वही घातली आहे.

अण्णांना मामांनी पाचशे रुपये देऊ केले. त्यांनी दोनशे घेतले, तेही “बाटल्यांचे” म्हणून, आणि ते टपरीवाल्याला देऊन टाकले. त्यांच्या पाऊण तासाची मजुरी कोणी दिली नाही. ट्रक उशिरा पोचल्याबद्दल त्यांना बोलणी बसली असतील की नाही, हे विचारायचेही राहून गेले. मामांच्या नव्या वहीत पहिल्या पानावर होजचे ६५० लिहिले आहेत, आणि त्याखाली एक ओळ मोकळी सोडलेली आहे.